थांबलेली झेप

एक गुडघा जमिनीला, दुसरा पाय वाकवून पुढे, उजवी मूठ फरशीवर टेकलेली, डावा हात मागे उचललेला आणि नजर खालून वर येणारी. यवतमाळच्या एखाद्या नव्या वस्तीत, अर्धवट बांधकामाच्या गच्चीवर किंवा रविवारी सकाळी रिकाम्या पडलेल्या रस्त्यावर आता ही पोज सहज दिसते. अंगात ऑनलाइन मागवलेला स्पायडरमॅनचा पोशाख असतो, नाहीतर फोमच्या शीट कापून, चिकटवून, वरून चंदेरी स्प्रे मारून घरीच केलेलं आयर्नमॅनचं चिलखत. समोर दोस्त पालथा पडून, मोबाईल जमिनीला टेकवून फोटो घेत असतो. घरची मोठी माणसं म्हणतात, हे इंग्रजी सिनेमाचं खूळ. मला ते पटत नाही. पोशाख बाहेरून आला, हे खरं. पण वेश चढवून वीर व्हायचं आणि ऐन हालचालीच्या क्षणी निश्चल थांबायचं, ही विद्या आपल्या मातीत फार जुनी आहे. ती दगडातून आली, सोंगातून आली, नाटकाच्या पडद्यामागून आली, आणि मधल्या काळात ती आपल्याकडून बाहेरही जात होती आणि बाहेरून परतही येत होती.

आधी हा फोटो निघतो कसा, ते जवळून पाहावं. सुरुवातीला पोरं खरीच उडी मारतात. मोबाईल एका दमात दहा-वीस फोटो घेतो. ते उघडून पाहिले की हिरमोड होतो. एकात तोंड वाकडं, एकात गुडघे एकमेकांवर आपटलेले, एकात हातांचं काय करावं हेच न कळलेलं. खरी उडी फोटोत उडी वाटतच नाही. मग दोन-चार वेळा हे काम केलेला एखादा सांगतो, ‘उडी नको, थांबून राहा.’ तिथून रचना सुरू होते. पुढचा पाय कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणायचा, म्हणजे तो मोठा दिसतो. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे असं अंग पिळायचं. हनुवटी खाली, डोळे वर. बोटं सुटी, ताठ. आणि केप असेल तर एक मित्र फ्रेमच्या बाहेर बसून तिचं टोक धरतो, ‘हां’ म्हटलं की ते हवेत भिरकावतो आणि हात मागे घेतो. सगळ्या फोटोत खरोखर हलत असतं ते तेवढं कापड. वीर मात्र थरथरत्या मांडीवर भार तोलून, श्वास रोखून जागच्या जागी असतो.

हे असं का, याचं उत्तर कॅमेऱ्यानंच एकदा दिलं होतं. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजनं कॅमेऱ्यांची रांग लावून दौडत्या घोड्याचे फोटो घेतले. तोवर चित्रकार भरधाव घोडा रंगवायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला. मायब्रिजच्या फोटोंत दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. खरं ते खरंच, पण पाहणाऱ्याला तो घोडा अवघडलेला वाटला. पुढे शिल्पकार रोदँनं यावर आपलं मत मांडलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं असं की काळ कधी थांबत नाही, फोटो मात्र त्याला थांबवतो, म्हणून फोटो खोटा पडतो. शिल्पकार एकाच शरीरात सरलेला क्षण आणि येणारा क्षण दोन्ही बसवतो, म्हणून त्याचा दगड चालतो.

आपल्याकडच्या मूर्तिकारांना हे सांगायला कुणी रोदँ लागला नाही. नाट्यशास्त्रात उभं राहण्याच्या सहा पद्धती दिल्या आहेत. त्यातली ‘आलीढ’ ही वीराची. एक पाय लांब ताणलेला, दुसरा गुडघ्यात वाकलेला, अंगाचा सगळा भार झेपेच्या दिशेनं. हीच ठेवण उलट केली की ‘प्रत्यालीढ’. शस्त्र आलीढात सज्ज करावं आणि प्रत्यालीढात सोडावं, असंही तिथं सांगितलं आहे. म्हणजे हालचालीचे दोन टप्पे शास्त्रकारानं दोन थांब्यांत बांधून दिले. वेरूळच्या लेण्यांतली महिषासुरमर्दिनी किंवा त्रिपुरासुरावर बाण रोखलेला शिव पाहा, पाय तसेच ताणलेले आहेत. विदर्भापुरतं बोलायचं तर रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळचा त्रिविक्रम आहे. वामनानं पाऊल उचलून विश्व व्यापलं, तो नेमका क्षण. आजच्या फोटोत पुढचा पाय मोठा दिसावा म्हणून पोरं जी धडपड करतात, तिच्यामागे हीच इच्छा आहे, पावलानं जागा व्यापायची.

पण लेणी लांब. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराला ही पोज पहिल्यांदा भेटते ती गावच्या मारुतीत. हात जोडून उभा तो दासमारुती. आणि दुसरा वीरमारुती. त्याचा उजवा हात चापट मारायला डोक्यावर उगारलेला, दुसरा कमरेवर, शेपटी मस्तकावरून वळून आलेली, पायाखाली राक्षस किंवा राक्षसीण. या उगारलेल्या हाताला चपेटदान मुद्रा म्हणतात. शेंदराचे थर चढून चढून नाकडोळे पुसट होतात, पण ठेवण पुसत नाही. लांबूनही कळतं की हा मारुती चिडलेला आहे. चेहरा झाकलेला असताना केवळ देहाच्या रेषेवरून वीर ओळखू यावा, हीच तर मुखवटा घालणाऱ्या प्रत्येक सुपरहिरोची गरज असते. पारावरच्या मारुतीनं ती शतकानुशतकं भागवली आहे.

वीरगळांचंही तसंच. महाराष्ट्रभर गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात हे दगड उभे आहेत. चौकटी खालून वर वाचायच्या. सर्वांत खाली पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. लढाईच्या चौकटीत हा माणूस बहुतेकदा शस्त्र उगारलेल्या अवस्थेत असतो. गुरं वाचवताना मेलेल्या साध्या गावकऱ्यालाही दगडात तीच ठेवण मिळाली, जी देवांना मिळाली होती. मला या परंपरेतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वीराची पोज राजघराण्याच्या मालकीची राहिली नाही.

दगडातून ती माणसाच्या अंगात आली सोंगांमुळे. बहुरूपी दारोदार फिरून सोंगं वठवायचे. नवरात्रातल्या कीर्तनांचा शेवट लळितानं व्हायचा आणि त्यात एकामागून एक सोंगं मंचावर यायची. विदर्भात दंडार हे लोकनाट्य रात्रभर चालायचं. वऱ्हाड-नागपुरात मोहरमच्या दिवसांत अंगभर पट्टे रंगवून वाघ झालेली माणसं रस्त्यात नाचायची. रंगकामाचं सामान म्हणजे सफेदा, हिंगूळ, काजळ, मुर्डाशिंग, मुकुट बेगडाचे. एक गोष्ट मात्र या रांगेत बसवू नये. पैनगंगेच्या परिसरातल्या गोंडांत दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा उंच टोप घालून, अंगाला राख फासून जे गुसाडी नाचतात, ते त्यांच्या श्रद्धेनं देवाचा संचार झालेले असतात. त्याला सोंग म्हणणं चूक आहे. १९४०च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं आदिलाबादच्या राजगोंडांचे फोटो काढून ठेवले, त्यात गुसाडीही आहेत. आजचा कॉस्प्ले करणारा, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून ते पात्र होणारा, पोशाख उतरवला की घरी जाऊन जेवतो. गुसाडीला मात्र दंडारी संपेपर्यंत व्रत पाळावं लागतं. वेश आणि देह यांच्यातलं अंतर प्रत्येक परंपरेत वेगळं असतं.

मग कॅमेरा आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले आपले फोटोग्राफर. तेव्हाच्या काचेच्या ओल्या प्लेटला उजेड पुरवायला काही सेकंद लागत. तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसला जायचा, म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. त्या काळात कुणी वीराची पोज द्यायची म्हटली तर तलवार टेकवून उभं राहण्यापलीकडे जाता येत नसे. जुन्या सरदार-संस्थानिकांचे फोटो असे खिळलेले दिसतात ते याच तांत्रिक कारणानं.

पण निश्चल राहून हालचाल दाखवायची कला नाटकवाल्यांकडे होतीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून पौराणिक नाटकांतले राक्षस आरडाओरडा करत येत आणि युद्धाच्या जागी ठाण मांडून उभे राहत. पुढे पारशी आणि मराठी नाटक कंपन्यांनी अंक संपताना टॅब्लोची पद्धत आणली. प्रसंग कळसाला पोचला की सगळी पात्रं जागच्या जागी गोठायची, आणि पडदा पडायचा. जपानी काबुकीत नट ऐन भरात अंग ताणून, डोळे वटारून क्षणभर थांबतो, त्याला ‘मिए’ म्हणतात. जपानच्या दूरचित्रवाणीवरचे मुखवटेधारी वीर रूप बदलताना जी पोज घेतात, तिच्यात हा मिए दिसतो. दोन दूरच्या रंगभूमींना एकच गोष्ट सुचली होती.

आणि मग धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस जे. जे. मध्ये चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला, गोध्र्यात फोटोचा धंदा केला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं. तो छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी त्यानं गरिबाच्या भिंतीवर पोचवल्या. मूर्ती, चित्र, फोटो आणि रंगभूमी, सगळे प्रवाह फाळक्यांच्या हातांत एकत्र आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. एकच देह, दोन उभं राहण्याच्या तऱ्हा.

मला मात्र थांबवून ठेवतो तो १९१९ चा ‘कालिया मर्दन’. फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. चित्रपट कथेनं सुरू होत नाही. आधी ही मुलगी साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावरचे भाव एकेक करून दाखवते. मग पाहता पाहता पडद्यावर तिचा कृष्ण होतो. म्हणजे ‘हे माझं लेकरू, आणि हाच आता तुमचा देव’ असं बापानं आधीच सांगून टाकलं. प्रेक्षकांना फसवायचं नव्हतं, रूपांतर कसं होतं ते दाखवायचं होतं. यानंतर ती कालियाच्या फणीवर उभी राहते, तेव्हा आपण कृष्ण पाहतो आणि मुलगीही पाहतो. आपलं कौतुक या दोन्हींचं असतं. कॉस्प्लेच्या आनंदाचं मूळ मला इथं सापडतं. आजही पोरं आधी साध्या कपड्यांतला आणि शेजारी पोशाखातला असे दोन फोटो जोडून टाकतात. ती चाल शंभर वर्षांपूर्वी एका मराठी घरात, एका लेकीच्या चेहऱ्यावर घडली.

यानंतर देवाणघेवाण वेगानं झाली. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, छाती काढून उभा राहायचा. त्याचे मूकपट भारतात धो धो चालले, आणि कोल्हापूरकडून आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या चित्रपटांत गाजले तेव्हा लोकांनी त्यांना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हटलं. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायक तेच. तिकडे अमेरिकेत जो शूस्टर या तरुण चित्रकारानं त्याच फेअरबँक्सची ऐट पाहून आपल्या नायकाला उभं केलं. तो सुपरमॅन, १९३८. सुपरमॅन आणि मास्टर विठ्ठल यांचं उभं राहणं एकाच माणसाकडून आलं, हे नातं आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही. शिवाय सुपरमॅनच्या तीन वर्षं आधी, १९३५ मध्ये, मुंबईच्या वाडिया मूव्हिटोननं ‘हंटरवाली’ आणला. डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक, पायांत बूट घातलेली नाडिया. मुखवटा चढवून अन्यायावर तुटून पडणारी ही नायिका आपल्या पडद्यावर आली, तेव्हा बॅटमॅनचा जन्मही झाला नव्हता.

छापील पानांवर हा वारसा रघुवीर मुळगावकरांनी सांभाळला. दिवाळी अंकांची, कॅलेंडरांची देवादिकांची चित्रं त्यांची, आणि बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’, ‘काळा पहाड’ या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांची. एकाच कुंचल्यातून राम आणि काळा पहाड उतरत होते, मग दोघांच्या खांद्यांची ठेवण सारखी वाटली तर नवल काय! १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सनं फँटम आणला आणि मराठी घरांत तो ‘वेताळ’ झाला. तीन वर्षांनी अमर चित्र कथा आली. तिच्या ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेत पुराण-इतिहासातले वीर काढले, आणि राज कॉमिक्सचा हिरवा, सर्पशक्तीचा नागराजही काढला. मराठी हातांनी पुराणातल्या वीराचे स्नायू थेट सुपरहिरोच्या अंगात नेले. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागला आणि उजवा हात वर करून गरगर फिरणारी पोरं अंगणाअंगणात दिसू लागली. ज्यांनी तेव्हा आईच्या ओढणीची केप केली, तीच पिढी आज आपल्या मुलांना पोशाख आणून देते.

पोशाख घालून जमण्याचा प्रकार अमेरिकेत १९३९ पासूनचा. न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा-संमेलनाला फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून गेले होते. जपाननं त्याला नाव आणि शिस्त दिली. मुंबईत कॉमिक कॉन २०११ मध्ये सुरू झालं. तिथवर जाणं यवतमाळच्या प्रत्येक पोराला परवडत नाही. पण त्याचं अडत नाही, कारण त्याचं स्वतःचं व्यासपीठ त्याच्या गल्लीतच आहे.

ते व्यासपीठ म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याला खऱ्या बैलांची मिरवणूक आणि झडत्या, म्हणजे तालात म्हटलेली यमकी कवनं; दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा. नागपूरकर भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. चाकांचा लाकडी बैल ओढत पोरं निघतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात, आणि संध्याकाळी मैदानावर बैल सजावटीची आणि वेशभूषेची स्पर्धा. तिथं शेतकरी असतो, शिवाजी असतो, झाशीची राणी असते, आणि अलीकडे हमखास स्पायडरमॅन असतो. ड्रेपरीच्या दुकानात जिरेटोप आणि कोळ्याचं जाळं एकाच दोरीवर लटकलेलं असतं. मग येतं नवरात्र. कोलकात्याच्या खालोखाल दुर्गोत्सव आमचाच, असं यवतमाळकर अभिमानानं म्हणतात, आणि त्या दिवसांत रात्रभर गर्दी पाहिली की तो अभिमान कळतो. मूर्तिकारांकडे आधीच्या महिन्यांत डोकावलं तर तणसाचा, बांबूचा सांगाडा उभा दिसतो. माती चढण्याआधीच देवीचा एक पाय सिंहावर, दुसरा महिषाकडे, त्रिशूळाचा हात खांद्यामागे ताणलेला. हात कोपरात किती वाकवायचा यावर कारागीर कितीतरी वेळ घालवतो, कारण वार सुटायच्या आतला क्षण चुकला तर सगळी मूर्ती ढिली पडते. स्पायडरमॅन होणारी पोरंही देवीच्या मंडपात दर वर्षी हेच पाहत मोठी होतात.

तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत मात्र एक गोष्ट मला दर वेळी खटकते. परीक्षक लेकराला माईकसमोर उभं करतात आणि बोलायला लावतात. शिवाजी, टिळक, सावित्रीबाई झालेलं मूल पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं आणि टाळ्या घेतं. हीसुद्धा सोंगाची जुनीच रीत आहे, सोंगानं आपली ओळख स्वतःच्या तोंडानं सांगायची. पण मुखवट्यातल्या पोराकडे बोलायला काही नसतं. ते गांगरतं, आईकडे पाहतं, आणि शेवटी त्याला जे येतं ते करतं. गुडघा टेकतं, हात मागे नेतं, मान वर करतं. परीक्षक हसून पुढचं नाव पुकारतात. त्यांना माझी मनापासून विनंती आहे, बोलण्याला जितके गुण देता, तितकेच त्या उभं राहण्याला द्या, आणि त्याचा तोल सुटेपर्यंत दहा आकडे मोजायला थांबा.